प्रश्न अंशांचा नव्हे, दमटपणाचा

वातानुकूलन यंत्रांचे तापमान २० ते २८ अंश सेल्सिअसच्या मर्यादेत बांधून टाकण्याचा मनोदय केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये जाहीर केला, तेव्हा देशभर चर्चा रंगली ती अंशांची. त्याआधी १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे सुरू होताच २४ अंशांवर चालावीत, असा नियम आला होता. वीजबचतीच्या दृष्टीने ही दिशा योग्यच आहे. परंतु मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीतील घरांचे खरे दुखणे तापमानाच्या आकड्यात सापडत नाही.

जुलैमध्ये मुंबईचे कमाल तापमान ३० अंशांच्या आसपास असते, तर सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर. अशा हवेत घाम वाळत नाही आणि जीव कासावीस होतो. घरात आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत असावी, असे तज्ज्ञ सांगतात. त्यापलीकडे बुरशी आणि धुळीतील सूक्ष्म किडे फोफावतात. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत श्वसनाचे विकार व दम्याचा त्रास वाढतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच दिला आहे. कपाटातल्या कपड्यांना येणारा कुबट वास आणि भिंतीचे पोपडे हा म्हणूनच केवळ रंगरंगोटीचा विषय नाही.

दमटपणाचे गणित साधे आहे. ३० अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम बाष्प सामावून घेते, २४ अंशांची जेमतेम २२ ग्रॅम. पावसाळी हवा शेजारच्या वातानुकूलित खोलीमुळे गार झालेल्या भिंतीला लागली, की जादा बाष्पाचे पाणी होते. भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटामागे बुरशी धरते ती यामुळे. त्यात स्वयंपाक, स्नान आणि घरातच वाळत घातलेले कपडे यांच्या बाष्पाची भर पडते.

हे बाष्प बाहेर जाण्याची वाट मात्र अरुंद होत चालली आहे. दमट हवामानात खिडक्या-दारांचा उघडणारा भाग घराच्या चटईक्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावा, असे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची २०१८ मधील इको निवास संहिता सांगते. म्हणजे दर १२ चौरस मीटरमागे २ चौरस मीटर. दोन तावदानांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, त्यामुळे कागदावर प्रशस्त दिसणारी खिडकी प्रत्यक्षात अपुरी ठरते. बाल्कनी बंदिस्त केली, की उरलासुरला वाराही अडतो. पुनर्वसन योजनांतील इमारती तर एकमेकींना इतक्या खेटून उभ्या असतात, की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचतच नाही.

भर पावसात खिडकी उघडल्याने आर्द्रता ६० टक्क्यांवर येणार नाही, हे खरे. तरी खेळत्या हवेने घाम वाळतो, भिंती सुकतात आणि घरातले बाष्प साचत नाही. रहिवाशांच्या हाती काही उपाय आहेत. स्वयंपाकघर व न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा लावावा, कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे, गळती रंगाखाली न झाकता मुळापासून दुरुस्त करावी. यंत्रावर ‘ड्राय’ची सोय असेल तर पावसाळ्यात ती वापरावी. स्वस्त आर्द्रतामापकही उपयोगी पडतो.

तथापि ज्याच्या खिडकीसमोर हाताच्या अंतरावर दुसरी भिंत आहे, त्याला हे सल्ले किती पुरणार? वातानुकूलन यंत्र न परवडणाऱ्यांचीच घरे बहुधा सर्वांत ओली असतात. पुनर्विकासाच्या वाटाघाटींत चटईक्षेत्राच्या प्रत्येक फुटासाठी घासाघीस होते. उघडणारी खिडकी किती, दोन इमारतींत अंतर किती, हे विचारणारे विरळाच. नकाशा मंजूर होण्यापूर्वी हा प्रश्न रहिवाशांनी विचारला पाहिजे आणि महापालिकेनेही. इमारत उभी राहिल्यावर त्याची किंमत वीजबिलात आणि औषधांच्या खर्चात मोजावी लागते.