बाटली उभी की आडवी, एवढंच विचारू नका

प्रति,
मा. आयुक्त, राज्य उत्पादन शुल्क विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. संचालक, महाराष्ट्र अग्निशमन सेवा
मा. जिल्हाधिकारी, जालना
मा. मुख्याधिकारी, नगरपंचायत, जाफराबाद

विषय : पब, क्लब, बार आणि परमिट रूम यांना सुरक्षा मानांकन देण्याबाबत व त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी जनसुनावणी घेण्याबाबत.

महोदय,

6 डिसेंबर 2025 च्या मध्यरात्री गोव्यात हडफड्याच्या नाइट क्लबला आग लागली आणि 25 माणसं गेली. त्यातली 20 तिथे कामाला होती. झारखंड, आसाम, उत्तराखंड आणि नेपाळमधून पोटासाठी आलेली ही पोरं. बरीचशी तळघरात धुरानं गुदमरली. रस्ता अरुंद असल्यामुळे बंबांना दारापर्यंत जाता आलं नाही. त्याआधी 29 डिसेंबर 2017 ला मुंबईत कमला मिलच्या गच्चीवर 14 जण गेले होते. जीव वाचवायला लोक स्वच्छतागृहात शिरले आणि तिथेच अडकले. दोन्ही वेळा चौकशी झाली, अटका झाल्या, बेकायदा बांधकामांवर हातोडा पडला. पण आत पाऊल टाकणाऱ्याला ही जागा सुरक्षित आहे की नाही, हे दारावर सांगणारी पाटी त्यानंतरही कुठे लागली नाही.

पब-क्लबचा विषय निघाला की सगळ्यांची नजर मुंबई, पुणे आणि गोव्याकडे जाते. जाफराबादला पब नाही. पण परमिट रूम आहेत, रस्त्याकडेचे ढाबे आहेत आणि सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की तिथे गर्दीही होते. आपल्या भागातल्या अशा जागा आपणही पाहिल्या असतील. वरच्या मजल्यावर जायला एकच जिना, त्याच्या अर्ध्या पायऱ्यांवर रिकाम्या बाटल्यांचे क्रेट. फॅमिली रूम म्हणून प्लायवूडचे आडोसे, वर पीओपीचं छत. भटारखान्यात तंदूरच्या हातभर अंतरावर सिलिंडर. मागचं दार असतं, पण बिल न देता कोणी निसटू नये म्हणून त्याला कुलूप. बऱ्याच ठिकाणी वेटर पोरं रात्री आतच झोपतात आणि मालक बाहेरून शटर ओढून घरी जातो. आग लागायला मोठं शहर लागत नाही. कुलूप लागलेलं दार आणि एक ठिणगी पुरते.

कायदा नाही, असंही नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा आहे. आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र मालकानं दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. पण ते प्रमाणपत्र फायलीत राहतं. ग्राहकाला, वेटरला किंवा शेजाऱ्याला ते कधी दिसत नाही.

लोकांना विचारायची सोय मात्र आपल्या राज्यात आहे, आणि ती अभिमान वाटावा अशी आहे. 2008 च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी वा एकूण मतदारांनी अर्ज केला, तर तिथलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घ्यावं लागतं. कौल विरोधात गेला की बाटली आडवी होते, म्हणजे दुकान बंद होतं. या हक्कासाठी झगडलेल्या आयाबहिणींना माझा दंडवत. पण या मतदानात प्रश्न एकच असतो : दुकान राहू द्यायचं की बंद करायचं? राहिलं तर कसं राहावं, दार उघडं असावं की नाही, रात्री कुठवर आवाज चालावा, कोवळ्या पोरांना दारू कोण देतं, हे कोणीच विचारत नाही. बाटली उभी राहिली की लोकांचं काम संपलं, असं धरलं जातं. माझं म्हणणं आहे की तिथूनच ते सुरू व्हावं.

म्हणून मागणी अशी. प्रत्येक परमिट रूमला, बारला, पबला दरवर्षी सुरक्षेचे गुण द्या आणि ते दर्शनी दारावर मोठ्या मराठी अक्षरांत लावा. वेल्समध्ये 2013 पासून खाणावळींना स्वच्छतेचे 0 ते 5 गुण दाराशी लावणं सक्तीचं आहे. शून्य मिळालं तर शून्य लावावं लागतं. हॉटेलातल्या स्वच्छतेसाठी जे होतं, ते माणसाच्या जिवासाठीही व्हायला हवं.

गुण कशाचे द्यायचे? बाहेर पडायला दोन मोकळ्या वाटा आहेत का. अग्निशामक नळकांड्याची मुदत संपली आहे का. वायरिंग उघडी आहे का. जागेत एका वेळी किती माणसं मावतात हे लिहिलंय का. रात्री आत कोणी झोपत असेल तर दार आतून उघडतं का. वय तपासलं जातं का, कारण राज्यात बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षांची अट आहे. पुण्यात कल्याणीनगरला 19 मे 2024 च्या पहाटे दोन तरुण अभियंते गाडीखाली गेले, त्याआधी 17 वर्षांच्या चालकाला पबमध्ये दारू मिळाली होती. टेबलावर वय न विचारल्याची किंमत अशी रस्त्यावर मोजावी लागते.

हे निकष मंत्रालयात बसून ठरवू नका. मसुदा मराठीत काढा, नगरपंचायतीच्या आणि तहसीलच्या फलकावर लावा, हरकती-सूचनांना पुरेसा वेळ द्या. जाफराबादला, टेंभुर्णीला आणि माहोऱ्याला आठवडी बाजाराच्या दिवशी सुनावणी घ्या, म्हणजे शिवारातला माणूसही येईल. मालकाला बोलू द्या, त्याच्याही अडचणी असतात. पण त्याच्या आधी वेटरला, आचाऱ्याला आणि शेजारच्या घरातल्या बाईला बोलवा. वेटरचं म्हणणं मालकासमोर नको, वेगळं ऐका.

पैसे चारून गुण मिळवले जातील, ही भीती मलाही आहे. म्हणून पाटीवर तपासणीची तारीख आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव व हुद्दा असू द्या. उद्या काही घडलं तर कोणाच्या सहीनं दार मोकळं ठरलं होतं, हे गावाला कळेल. छोट्या मालकाचं यात दिवाळं निघणार नाही. कुलूप काढायला आणि जिन्यावरचे क्रेट हलवायला पैसा लागत नाही. बाकीच्या दुरुस्तीला मुदत द्या. पण ती संपूनही दार बंदच राहिलं, तर 31 मार्चनंतर परवान्याचं नूतनीकरण करू नका.

शासनाला परवान्यातून महसूल मिळतो. जिथून तो येतो, तिथे जाणारा आणि तिथे राबणारा माणूस जिवंत परतावा, ही जबाबदारीही मग शासनाचीच. येत्या नूतनीकरणाच्या आत मसुदा आणि सुनावणीची तारीख जाहीर करावी, ही विनंती.

आपला,
जाफराबादचा एक नागरिक