खोक्यातली खोली

मागील पंधरवड्यात विहारातील वंदना आटोपून आम्ही चपला पायांत घालीत होतो, तोच वस्तीतील एक जुने कार्यकर्ते बंधू जवळ आले. जयभीम झाला. हातात पिशवी, पिशवीत पुठ्ठ्याची दोन खोकी. म्हणाले, "भाऊ, पोरीला आर्किटेक्चरला घातली ती घरं बांधायला शिकावी म्हणून. कॉलेजवाले तिला खोकी करायला लावतात. एक आनंदाचं, एक भीतीचं. सातशे रुपयांचा नुसता पुठ्ठा आन् रंग झाला. हे शिक्षण हाय का पोरखेळ?"

आम्ही पडलो बी. कॉम.; आमच्या खतावणीत आनंद आणि भीती यांचे खाते नसते. "चौकशी करून सांगतो" म्हणून त्या वेळी सुटका करून घेतली. नंतर मुलीशीच दोन संध्याकाळी बोललो, वाचनालयात बसून थोडे वाचले. आपल्या समाजातील आणखीही मुले-मुली या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाकडे वळत आहेत. त्यांच्या आईबापांनाही हाच प्रश्न पडणार, म्हणून जे समजले ते येथे मांडीत आहोत.

या खोक्यांचे मूळ जर्मनीत सापडते. १९१९ साली वॉल्टर ग्रोपिअस या वास्तुशिल्पकाराने वायमार गावी 'बाउहाउस' नावाची शाळा काढली. तेथे कोणालाही एकदम इमारतीचा नकाशा काढू देत नसत. आधी पायाभूत वर्ग. तो योहान्स इटेन या शिक्षकाने सुरू केला. खरखरीत आणि गुळगुळीत, उजेड आणि अंधार, जड आणि हलके यांतील फरक आधी हाताला आणि डोळ्यांना कळला पाहिजे, असा त्याचा आग्रह. पुढे योझेफ आल्बर्स शिकवू लागला. तो मुलांपुढे रद्दी वर्तमानपत्रे टाकी आणि म्हणे, यातून काहीतरी करा, पण कागदाचा गुण ओळखून करा. कोणी बोटी केल्या, कोणी किल्ले. त्याला आवडला तो एकाने नुसती घडी घालून उभा केलेला कागद. कारण लोळणारा कागद केवळ घडीमुळे ताठ उभा राहिला होता. १९३३ साली नाझींच्या दडपणाखाली ही शाळा बंद पडली, शिक्षक देशोधडीला लागले आणि त्यांच्याबरोबर ही पद्धत जगभर गेली. आज आपल्याकडील वास्तुकला महाविद्यालयांतही पहिल्या वर्षाला अशी कामे असतात.

येथे आम्हांस एक तक्रार नोंदवायची आहे. मूळ गुरुजींनी रद्दी दिली होती. मग आपल्या मुलांकडून महागडा माउंट बोर्डच का मागावा? शिष्यवृत्ती वेळेवर हातात पडत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. साध्या खाकी पुठ्ठ्यात भीती दाखवता येत नाही काय?

आता रंगाचे. मुलीने एका खोक्यात 'उत्साह' म्हणून आतली भिंत निळी रंगवली. शिक्षकांनी शेजारी पेन्सिलीने लिहिले, 'निळा थंड नाही का?' मुलगी उत्तरली, "सर, आमच्याकडे १४ एप्रिलला निळा थंड नसतो." सांगायला आनंद वाटतो की शिक्षकांनी ते मानले आणि वर्गालाही सांगितले. बाउहाउसमध्येही रंगांचा अर्थ लावण्याचा खटाटोप झाला होता. १९२३ च्या सुमारास कँडिन्स्की या चित्रकाराने प्रश्नावली वाटली: त्रिकोण, चौकोन, वर्तुळ यांना पिवळा, लाल, निळा यांपैकी कोणता रंग शोभतो? बहुतेकांनी त्रिकोण पिवळा, चौकोन लाल आणि वर्तुळ निळे ठरवले. आल्बर्सचे मत वेगळे. रंग शेजारी कोण आहे त्याप्रमाणे बदलतो, असे तो दाखवून देई. १९६३ साली त्यावर त्याचे मोठे पुस्तकही निघाले. घरच्या मुलांना करून पाहता येईल: एकाच करड्या कागदाचे दोन तुकडे कापा, एक काळ्या कागदावर ठेवा, एक पांढऱ्यावर. दोन्ही एकाच कागदाचे आहेत, हे घरातल्यांना पटणार नाही.

पण खरी अडचण निराळीच होती आणि ती मुलीने बापाला सांगितली नव्हती. 'आनंदा'चे खोके तिने मासिकातील बंगला पाहून केले होते. मोठी काच, स्पंजची हिरवळ, पांढऱ्या भिंती. तपासणीला आलेल्या पाहुण्या परीक्षकांनी सर्वांसमोर विचारले, "अशा घरात तू कधी राहिलीस का?" ती नाही म्हणाली आणि वर्ग हसला. तीन दिवस ती कॉलेजला गेली नाही. घरातून निघे आणि विहारामागच्या पायरीवर बसून राही. "काका, मला बी. कॉम.ला घाला," असे ती आम्हांस म्हणाली!

चारचौघांत असे विचारणे चूक होते, हे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु रात्री विचार करता वाटले, प्रश्न मात्र चुकीचा नव्हता. तिचे घर दहा बाय बारा, माणसे सहा. मुंबईच्या बी. डी. डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांत आपल्या कितीतरी कुटुंबांच्या पिढ्या गेल्या. जागा म्हणजे काय हे आपल्या मुलांना शिकवावे लागत नाही; फक्त ते सांगण्याची त्यांना लाज वाटते. आम्ही तिला लोअर परळच्या डबक चाळीची गोष्ट सांगितली. एकच खोली, तीत संसाराचे सामान. रामजीबाबा भिमरावांना लवकर झोपवीत, रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवीत आणि मग स्वतः त्या जागी आडवे होत. जागा वाढत नव्हती म्हणून त्यांनी ती वेळेत वाटून घेतली. तसेच, कार्ल्याच्या चैत्यगृहात गेल्या वर्षी सहलीला गेलो होतो, तेव्हा तुला काय वाटले ते आठव, असेही म्हटले. तेथे बाजूच्या वाटा खांबांमागे अंधुक राहतात आणि समोरच्या घोड्याच्या नालासारख्या मोठ्या कमानीतून येणारा उजेड आत स्तूपाकडे जातो. माणूस आपोआप हळू बोलू लागतो. तेथे कोणी 'शांतता राखा' अशी पाटी लावून ते केलेले नाही.

पुढचा विषय 'एकांत' होता. मुलगी टेप घेऊन घरभर मोजत फिरली. कपाटामागे ती अभ्यासाला बसते ती जागा अडीच फूट बाय तीन फूट भरली. खाकी पुठ्ठ्याच्या खोक्यात तिने पट्ट्या, भांडी, माणसे अशी दाटी केली, की आत बोट घालावे तर अडते. एका कोपऱ्यात मात्र आईच्या जुन्या पिवळ्या लुगड्याचा तुकडा पडद्यासारखा लावला. बाहेरून बॅटरी धरली की तेवढा कोपरा हळदीसारखा उजळतो. खर्च अठ्ठावीस रुपये. गुण बरे मिळाले, फार नव्हे. पट्ट्या वाकड्या चिकटल्या होत्या.

बंधूंनी ते खोके आम्हांस स्वतः दाखवले. एक डोळा मिटून बराच वेळ आत पाहत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, ही तर आपलीच खोली." मग वहिनींना हाक मारली.

घरात ठेवायला जागा नसल्याने खोके सध्या पोटमाळ्यावर गाद्यांशेजारी आहे. पुढचा विषय 'स्वागत' आहे. पाहुणे आल्यावर आपण घरातले काय काय आणि कोणत्या क्रमाने हलवतो, याची यादी मुलगी आईला विचारून लिहून घेत आहे.