मोड परत देणं हे उपकार नव्हेत

मी बसचा कंडक्टर होतो. यवतमाळ–घाटंजी रस्त्यावर एका म्हातारीनं आठ रुपयांच्या तिकिटाला दहाची नोट दिली. बॅगेत सुटे नव्हते. तिकिटामागे २ लिहून म्हणालो, “उतरताना घेजो, माय.” तिच्या थांब्यावर गर्दी उतरली, मी दोनदा घंटी ओढली, गाडी निघाली. मागच्या काचेतून पाहिलं, तर ती तिकीट धरलेला हात वर करून उभी होती. गाडी थांबवता आली असती. मी थांबवली नाही. तो हात आजही डोळ्यांसमोर येतो.

सुट्या पैशांना आपली जुनी माणसं ‘मोड’ म्हणत, आणि न मोडलेला तो बंदा रुपया. हजार वर्षांपूर्वी इंग्लंडात लोक नाणं खरोखरच मोडत. चांदीची पेनी हे तिथलं रोजचं नाणं. त्याहून कमी किमतीचा व्यवहार असला की पेनी कापायची. दोन तुकडे केले की अर्धी पेनी, चार केले की फार्दिंग. फार्दिंग म्हणजे चौथा हिस्सा, आपल्या पावलीसारखाच. राजा पहिला एडवर्ड यानं १२७९ मध्ये गोल फार्दिंग पाडायला घेतली, तोवर लोकांचं काम अशा तुकड्यांवरच चालत होतं. चांदीवर छिन्नी चालवली, पण ज्याचा जेवढा हिस्सा, तेवढा त्याच्या हाती दिला.

आपल्याला काहीच कापावं लागत नाही. तरी दोन रुपयांऐवजी गिऱ्हाइकाच्या हातावर चॉकलेट ठेवलं जातं. तेच चॉकलेट उद्या त्यानं पैसे म्हणून दिलं, तर दुकानदार घेईल का? दहाच्या नाण्याचीही तीच गत. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की चौदाही नमुन्यांची नाणी चालतात. तरी आठवडी बाजारात भाजीवाली ते परत करते, कारण पुढे ठोकवाला तिच्याकडून घेत नाही. नुकसान तिचंच होतं.

मोबाइलवर पैसे भरणाऱ्यांना मोडीची अडचण कळत नाही. पदराच्या गाठीत पैसे बांधून बाजाराला येणारी बाई परत येणारे दोन रुपये आधीच हिशोबात धरून निघालेली असते. म्हणून व्यापाऱ्यांनी दहाचं नाणं बिनतक्रार घ्यावं, बँकांनी हातगाडीवाल्यांना आणि कंडक्टरांना काउंटरवर चिल्लर द्यावी, आणि मोड ठेवण्याची जबाबदारी विकणाऱ्यानं स्वतःची मानावी.

त्या फेरीनंतर मी घरून वीस रुपयांची चिल्लर पुरचुंडीत बांधून नेऊ लागलो. ड्युटीवर चढताना खासगी रक्कम म्हणून तिची नोंद करायचो. निवृत्त होईपर्यंत तिकिटामागे पुन्हा आकडा लिहिला नाही.