गोळी किती अंतरावरून? जखमेच्या साक्षीला मर्यादा

नवी दिल्ली : पोलीस चकमक खरी की बनावट, मृत्यू आत्महत्येचा की खुनाचा, याचा निर्णय पुष्कळदा एका प्रश्नावर येऊन ठेपतो. गोळी किती अंतरावरून झाडली गेली? शवविच्छेदन अहवालातील ‘काजळी आढळली नाही’ अशा तीन शब्दांवरून ‘गोळी दुरून आली’ असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. ती धोक्याची आहे.

नळी त्वचेला टेकवून गोळी झाडल्यास ज्वलनाचे वायू थेट जखमेत शिरतात; कवटीवर असेल तर त्वचा अनेकदा ताऱ्याच्या आकारात फाटते. नळी थोडी दूर असल्यास जखमेभोवती काजळी साचते. आणखी पुढे, पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत ढोबळमानाने 60 ते 90 सेंटीमीटरपर्यंत, दारूचे कण त्वचेत रुतून गोंदणासारखे ठिपके उमटतात. काजळी पुसली जाते, हे ठिपके धुतल्याने जात नाहीत. त्यापलीकडे मात्र जखम फारसे काही सांगत नाही. 3 मीटरवरून आणि 30 मीटरवरून लागलेली पिस्तुलाची गोळी सारखीच जखम करू शकते. छर्ऱ्यांच्या बंदुकीचे वेगळे. तेथे छर्ऱ्यांच्या पसाऱ्यावरून काही मीटरपर्यंत अंदाज बांधता येतो.

शिवाय अंगावरचा सदरा काजळी आणि कण अडवून धरतो. त्वचा स्वच्छ दिसली तरी गोळी हातभर अंतरावरून आलेली असू शकते. म्हणूनच कपडे हा जखमेइतकाच महत्त्वाचा पुरावा ठरतो. प्रयोगशाळेत तेच शस्त्र आणि त्याच प्रकारची काडतुसे वापरून वेगवेगळ्या अंतरांवरून कापडावर गोळ्या झाडतात व उमटलेल्या खुणा मूळ कपड्यावरील खुणांशी ताडून पाहतात. शस्त्रच हाती नसेल तर ही तुलना होत नाही. गावठी कट्ट्याला पाठ्यपुस्तकातील आकडे लावणे तर व्यर्थच. त्याच्या नळीला ठरावीक माप नसते.

मुंबईतील चकमकींवरून उद्भवलेल्या ‘पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूंचे शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करावे व त्याचे चित्रीकरण जपून ठेवावे, असे बंधन घातले. जखम धुण्यापूर्वीची स्थिती त्यामुळे नोंदली जाऊ शकते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाची घटनास्थळास भेट आवश्यक केली. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. ही तरतूद घटनास्थळापुरती आहे. जखमीला रुग्णालयात हलविल्यावर त्याचे कपडे मात्र अपघात विभागात कापून काढले जातात, आणि कात्री कित्येकदा गोळीच्या छिद्रातूनच फिरते.