एक किलोमीटर, पण कुणाच्या पावलांनी?

घाटकोपर पश्चिमेला रेल्वेच्या रुळांलगतच्या एका वस्तीत आमचा बचत गट चालतो. गटातल्या एका ताईंना दोन मुलं. मोठा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत जातो. त्याची फी भरण्यासाठी ताई तीन घरची कामं करतात, गटातून कर्जही उचलतात. धाकटी मुलगी २०२४ साली सहा वर्षांची झाली. तिच्या शाळेचा विषय निघाला तेव्हा ताईंचे यजमान म्हणाले, "फुकटात कुठं नंबर लागला तर बघू. नाहीतर आहेच की म्युनिसिपालटीची."

हा गृहस्थ काही वाईट नाही. मुलीवर त्याचा जीव आहे. पण मुलाची फी ही पुढची सोय आणि मुलीची फी हा नुसता खर्च, हा हिशेब आपल्या घरोघरी इतका मुरलेला आहे, की तो मांडताना कुणाला अवघडल्यासारखंही होत नाही.

यजमान ज्याला 'फुकट' म्हणाले ते फुकट नाही, हक्काचं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या कलम १२(१)(क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या वर्गात किमान २५ टक्के जागा परिसरातल्या दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत त्यांना मोफत शिकवायचं. पैसे सरकारने शाळेला द्यायचे. खासगी शाळांनी याला आव्हान दिलं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम उचलून धरलं. फक्त विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा त्यातून वगळल्या.

ताई अर्ज भरायला निघाल्या आणि नेमकं त्याच वर्षी राज्य सरकारने हद्द बदलली. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने नियम केला, की ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, त्या खासगी शाळेला २५ टक्क्यांचं बंधन नाही. वाचायला साधं वाक्य. पण मुंबईच्या उपनगरांत याचा अर्थ काय होतो? अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठेही उभ्या राहा. एक किलोमीटरच्या आत महापालिकेची किंवा अनुदानित शाळा सापडणार नाही अशी जागा शोधूनही मिळणं कठीण. म्हणजे कायद्याचं कलम पुस्तकात तसंच राहिलं आणि शहरातल्या जवळजवळ सगळ्या खासगी शाळा त्यातून सुटल्या. असाच बदल कर्नाटकाने २०१९ साली केला होता.

एप्रिलमध्ये अर्ज सुरू झाले. ताईंनी मोबाइलच्या दुकानात बसून अर्ज उघडला, तर पडद्यावर महापालिकेच्या आणि अनुदानित शाळाच दिसत होत्या. तिथे तर मुलीला अर्जाशिवायही प्रवेश मिळाला असता! राज्यभरच्या पालकांना हे कळलं. जागा कागदावर आठ लाखांच्या वर दाखवल्या होत्या आणि अर्ज आले सत्तर हजारांच्या आसपास.

पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. ६ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो रद्दच केला. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. स्थगितीनंतर जुन्या नियमाने पुन्हा अर्ज मागवले, तेव्हा सुमारे एक लाख पाच हजार जागांसाठी दोन लाख चाळीस हजारांवर अर्ज आले. पालकांना काय हवं होतं ते यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं?

न्यायालयात आपण जिंकलो. वर्तमानपत्रांतली चर्चा तिथेच थांबली. मला मात्र वाटतं, आपल्या संघटनांनी बोलायला हवं ते त्यापुढेच सुरू होतं.

पहिली गोष्ट. या वादात सगळे 'गरीब मुलं' म्हणत राहिले. मुलगा की मुलगी, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. तो नियम टिकला असता तर ताईंच्या मुलाच्या शिक्षणावर काहीच परिणाम झाला नसता. त्याची फी आई भरतच होती. दार बंद झालं असतं ते मुलीसाठी. ज्या घरात पैसे मुलासाठी आणि मोफत ते मुलीसाठी अशी वाटणी असते, तिथे मोफत जागांची हद्द आखडली की आधी मुलगी बाहेर पडते. नियमात कुठेही 'मुलगी' हा शब्द नव्हता. स्त्रियांवर सर्वात जास्त परिणाम करणारे कितीतरी निर्णय असेच असतात. त्यांत आपलं नावच नसतं.

दुसरी गोष्ट अंतराची. त्या वर्षी ताईंच्या मुलीचा नंबर लागला. आम्ही गटात पेढे वाटले. शाळा रुळांच्या पलीकडे, पूर्वेला. अर्जात घराची जागा नकाशावर दाखवायची असते आणि शाळेपर्यंतचं हवाई अंतर मोजलं जातं. त्या हिशेबात शाळा एक किलोमीटरच्या आत होती. पण सहा वर्षांची मुलगी काही हवेतून जात नाही. तिला स्टेशनच्या पुलापर्यंत जायचं, पूल चढायचा, गर्दीतून उतरायचं आणि पलीकडून पुन्हा मागे यायचं. ताई आणि मी एका सकाळी घड्याळ लावून चाललो. आम्हाला तेवीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन गेलो, तर चौतीस. स्कूलबसचे पैसे परवडणारे नव्हते. शेवटी सोडण्या-आणण्याच्या वेळेसाठी ताईंनी एका घरचं काम सोडलं. मोफत शिक्षणाची ही फी कुठल्याच पावतीवर येत नाही. ती आई भरते.

उपनगरांत राहणाऱ्या प्रत्येकीला हे माहीत आहे. रेल्वेने आपली पूर्व आणि पश्चिम केली आहे. पुढे पश्चिम द्रुतगती मार्ग, पूर्व द्रुतगती मार्ग, लालबहादूर शास्त्री मार्ग, नाले, डोंगर. बोरिवलीत उद्यानाला लागून असलेले पाडे आहेत. मुलुंड, भांडुप, घाटकोपरमध्ये डोंगरउतारावरच्या वस्त्या आहेत, तिथे पावसाळ्यात पायऱ्यांवरून पाणी धावतं. नकाशावर कंपासने वर्तुळ काढणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

गंमत म्हणजे हे सगळं कायदा करणाऱ्यांना सुचलं होतं. केंद्राच्या २०१० च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी 'चालण्याचं' एक किलोमीटर अंतर म्हटलं आहे, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर. जिथे दरडी, पूर, रस्त्यांचा अभाव किंवा लहान मुलांना वाटेत धोका असेल, तिथे ही हद्द कमी करून शाळा द्यावी, असंही त्यात आहे. म्हणजे हे वर्तुळ आखलं गेलं ते शाळेने मुलीच्या जवळ यावं म्हणून. २०२४ साली तेच वर्तुळ तिला बाहेर ठेवायला कुंपणासारखं वापरलं गेलं.

अंतराचा हा प्रश्न मुलगी मोठी होते तसा वाढत जातो. महापालिकेच्या प्राथमिक शाळांच्या मानाने माध्यमिक शाळा फार कमी आहेत. सातवी-आठवीनंतर शाळा लांब जाते, आणि त्याच वयात मुलीला पाळी येते, नाक्यावरची टवाळ पोरं दिसू लागतात, घरात धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणीतरी हवं असतं. "एवढ्या लांब कशाला?" हे वाक्य मुलाला कुणी म्हणत नाही. ग्रामीण भागातही हेच चाललं आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचा प्रस्ताव सरकारने २०२३ साली आणला, तेव्हा अशा चौदा हजारांवर शाळांचा प्रश्न उभा राहिला. गावची शाळा बंद करून दुसऱ्या गावी बस देऊ म्हणणं सोपं आहे. बस आली नाही त्या दिवशी मुलगा सायकल काढतो आणि मुलगी घरी राहते.

आपल्याच चळवळीतल्या काही मैत्रिणी यावर एक रास्त आक्षेप घेतात. त्या म्हणतात, २५ टक्क्यांच्या मागे लागून आपण सरकारी पैसा खासगी शाळांना देतो आणि महापालिकेच्या शाळा ओस पडू देतो. लढायचं तर सगळ्यांच्या समान शाळेसाठी लढावं. मला हे पटतं. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने हेच सांगितलं होतं, की परिसरातल्या सगळ्या मुलांची शाळा एक असावी. आज टॉवरमधली मुलं बसने लांबच्या शाळेत जातात आणि टॉवरच्या पायथ्याची महापालिकेची शाळा फक्त वस्तीतल्या मुलांची उरते. एकाच गल्लीतली मुलं एकमेकांना ओळखत नाहीत. ती ओळखतात ती फक्त एकमेकांच्या घरी काम करणाऱ्या आईमुळे.

पण समान शाळा येईल तेव्हा येईल. मुलीचं सहावं वर्ष तोवर थांबत नाही. शिवाय ९ फेब्रुवारीच्या अधिसूचनेने महापालिकेच्या शाळेला एक शिक्षकही जास्त दिला नव्हता. तिने फक्त खासगी शाळेचं दार लावून घेतलं. सरकारकडून परताव्याचे पैसे वेळेवर मिळत नाहीत ही खासगी शाळांची तक्रार आहे, आणि तिच्यात तथ्य आहे. पण सरकारच्या थकबाकीची वसुली सहा वर्षांच्या मुलीकडून का?

मैत्रिणींनो, कोर्टाचा निकाल हातात आहे. पण वस्तीतलं काम कोर्ट करत नाही. मला चार गोष्टी सुचतात.

आपापल्या वस्तीतून प्रत्येक शाळेपर्यंतची वाट मुलींना बरोबर घेऊन चाला. किती मिनिटं, कुठे रस्ता ओलांडावा लागतो, कुठे दिवा नाही, कुठे दारूचा गुत्ता आहे, ते लिहून काढा. तो कागद विभागाच्या शिक्षण कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

प्रवेशाचे अर्ज निघतात तेव्हा वस्तीत मदतीला बसा. भाड्याने राहणाऱ्यांकडे नोंदणीकृत भाडेकरार मागतात. झोपडीचा मालक तो करून देत नाही, आणि नवऱ्याने टाकलेली बाई तर कुठलाच कागद दाखवू शकत नाही. रहिवासाचा पुरावा म्हणून इतर साधी कागदपत्रंही चालावीत, ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया, असं कायदा सांगतो. या स्त्रिया नुसत्या सहीपुरत्या आहेत का, ते विचारा. नसल्या तर आपल्या गटातल्या पालक बायकांना पुढे करा.

आणि चौथी गोष्ट घरातली. मुलाच्या फीचा आणि मुलीच्या फीचा हिशेब एकाच वहीत, शेजारी शेजारी लिहायला सांगा. आमच्या गटात हे करून पाहिलं. आकडे समोर आले तेव्हा बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

ताईंची मुलगी शाळेत जाते आहे. पुलाच्या पायऱ्या ती मोजत चढते, आणि किती झाल्या ते आईला रोज सांगते. पुढच्या वेळी हद्द आखायला बसणाऱ्यांनी तो आकडा तिलाच विचारावा.