विश्लेषण : रक्तदानानंतरचे सहा तास प्लाझ्मासाठी निर्णायक का असतात?

एप्रिल-मे उजाडला, की महाराष्ट्रातील रक्तपेढ्यांमधील साठा घटू लागतो. महाविद्यालयांना सुट्ट्या असतात, शिबिरे कमी होतात. अशा वेळी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीसारख्या पट्ट्यातील कारखान्यांची शिबिरे मोठा आधार ठरतात. शिबिराचे यश मात्र पिशव्यांच्या आकड्यावर मोजले जाते. त्या पिशव्या किती वेळात रक्तपेढीत पोहोचल्या, हे सहसा कोणी विचारत नाही. प्लाझ्माचा दर्जा ठरतो तो याच वेळेवर.

एका पिशवीतून काय काय मिळते?

रक्तदात्याकडून ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतले जाते. रक्तपेढीत ही पिशवी सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरवून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे केले जातात. तिन्हींची साठवण निराळी असते. तांबड्या पेशी शीतकपाटात ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट २० ते २४ अंशांवर सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि त्यांचे आयुष्य पाच दिवसांचे असते. प्लाझ्मा उणे ३० अंशांवर गोठवला, तर वर्षभर वापरता येतो.

सहा तासांची अट कशासाठी?

प्लाझ्मामध्ये रक्त गोठवणारी अनेक प्रथिने असतात. त्यातले ‘फॅक्टर आठ’ सर्वांत नाजूक. रक्त पिशवीत गोठू नये म्हणून तिच्यात सायट्रेट असते. ते रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते. पण फॅक्टर आठची रचना टिकण्यासाठीही कॅल्शियम लागते. त्यामुळे पिशवीत पडल्यापासूनच या प्रथिनाची झीज सुरू होते. रक्त रात्रभर तसेच राहिले, तर फॅक्टर आठ साधारण १५ ते २५ टक्क्यांनी घटतो. पांढऱ्या पेशीही हळूहळू फुटून त्यांतील द्रव्ये प्लाझ्मात मिसळतात. म्हणूनच भारतीय नियमांनुसार ‘फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा’ म्हणवून घ्यायचे, तर तो रक्त घेतल्यापासून सहा तासांच्या आत वेगळा करून गोठवावा लागतो.

उशीर झालेला प्लाझ्मा वाया जातो का?

नाही. अमेरिकेत ही मर्यादा आठ तासांची आहे, शिवाय २४ तासांच्या आत गोठवलेल्या प्लाझ्माचा स्वतंत्र प्रकारही तिथे वापरला जातो. युरोपातील अनेक देशांत रक्त नियंत्रित तापमानात रात्रभर ठेवून सकाळी वेगळे करतात. गोठण्याचे बहुतेक इतर घटक, फायब्रिनोजेन, तसेच औषधनिर्मितीसाठी लागणारे अल्ब्युमिन आणि इम्युनोग्लोब्युलिन बऱ्यापैकी टिकतात. नुकसान होते ते मुख्यतः फॅक्टर आठचे. हिमोफिलिया ‘ए’च्या रुग्णाला नेमका तोच हवा असतो. फॅक्टरचे तयार इंजेक्शन मिळाले नाही, तर प्लाझ्मापासून बनवलेल्या क्रायोप्रेसिपिटेटवर भिस्त ठेवावी लागते, आणि त्यासाठी ताजाच प्लाझ्मा लागतो.

मग पिशव्या बर्फात ठेवल्या तर?

उत्तर तितके सोपे नाही. मराठवाड्यातील चाळीस अंशांच्या उन्हात पिशव्या उघड्यावर ठेवणे घातकच. पण थंडीने प्लेटलेटचे नुकसान होते; गारठलेल्या प्लेटलेट रुग्णाला दिल्यावर शरीर त्या झपाट्याने काढून टाकते. त्यामुळे ज्या पिशव्यांतून प्लेटलेट काढायच्या, त्या २० ते २४ अंशांवरच न्याव्या लागतात. म्हणजे बर्फ हा वेळेला पर्याय होऊ शकत नाही.

वाळूजमधील शिबिरांनी काय लक्षात घ्यावे?

सहा तास मोजले जातात ते दात्याच्या हातातून रक्त घेतल्यापासून, गाडी रक्तपेढीत पोहोचल्यापासून नव्हे. समजा, शिबिर सकाळी नऊला सुरू झाले आणि समारोप उरकून गाडी चारला निघाली. पहिली पिशवी तेव्हाच सात तासांची झालेली असते. घाटी रुग्णालयातील विभागीय रक्तपेढी असो वा शहरातील अन्य रक्तपेढी, पुढे पंधरा-वीस किलोमीटरचा वर्दळीचा रस्ता उरतोच. तीच गाडी दुपारी एक फेरी करून आली, तर सकाळच्या पिशव्या मुदतीत बसतात.

नेत्यांच्या वाढदिवसाच्या महाशिबिरांत वेगळीच अडचण येते. एका वेळी १२ पिशव्या बसणाऱ्या यंत्रावर ३०० पिशव्यांना २५ फेऱ्या लागतात. भरणे-काढणे धरून फेरीला अर्धा तास धरला, तरी साडेबारा तास होतात. हेच दाते महिनाभरात तीन-चार शिबिरांत विभागले, तर प्लाझ्मा वाचतो आणि पाच दिवसांत बाद होणाऱ्या प्लेटलेटही वाया जात नाहीत.

त्यामुळे आयोजकांनी तारीख ठरवण्याआधी रक्तपेढीला तीन प्रश्न विचारायला हवेत : घटक वेगळे करण्याचा परवाना आहे का, दिवसाला किती पिशव्या हाताळता येतात आणि दुपारी गाडी येईल का? उत्तरे समाधानकारक असतील, तर एका कामगाराचे रक्त खरोखर तीन रुग्णांपर्यंत पोहोचू शकते.