डोकं खाणारे

साठीनंतर माणसाने काय करावे, याची यादी आपल्या समाजाने तयार ठेवलेली आहे. सकाळी रंकाळ्यावर चकरा माराव्यात, तिथल्याच कट्ट्यावर बसून सरकारचे कुठे चुकते ते सांगावे, दुपारी शब्दकोडे सोडवावे, संध्याकाळी अंबाबाईला जाऊन यावे आणि रात्री ‘हल्लीची पिढी’ या विषयावर बोलत बोलत झोपी जावे. ‘दुपारी दोन ते चार मोबाइलवर मढ्यांपासून अंगण राखणे’ हे कलम या यादीत नाही. मी ते स्वतःच्या जबाबदारीवर घातले आहे आणि गेले वर्षभर त्यापायी बोलणी खात आहे.

खेळाचे नाव ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’. 2009 साली निघालेला, म्हणजे या धंद्यात म्हाताराच. नातवाने मे महिन्यात शिकवला आणि जूनमध्ये तो पुण्याला निघून गेला. मी मात्र अडकलो. घरापुढे हिरवळ, तिच्या पाच ओळी. डावीकडे आपले घर, उजवीकडून मढी चालत येतात. आपण वाटेत झाडे लावायची. वाटाण्याचे झाड वाटाणे मारते, अक्रोड आडवा पडून मार खातो. मढ्यांना पैसाअडका नको, दागिने नकोत. त्यांना आपला मेंदू खायचा असतो.

इथेच मला हा खेळ आपला वाटला. साहेबाला डोकं खाणाऱ्या माणसाची कल्पना करायला थडग्यातून मढी उठवावी लागली. आपल्याकडे ती बेल वाजवून येतात आणि चहा घेतात.

आमच्या गल्लीतल्या निवृत्त हेडमास्तरांचेच घ्या. परवा आले, मी मान वर केली नाही. “काय करालायसा?” “झॉम्बी चाललंय, मास्तर.” त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटले मी आनंद यादवांची ‘झोंबी’ पुन्हा वाचायला काढली. खासबागेच्या गावात झोंबी म्हटल्यावर दुसरे काय वाटणार! मग चष्मा लावून त्यांनी पडदा पाहिला आणि पाऊण तास माझे डोके खाल्ले. वेळेचा अपव्यय. डोळ्यांची हानी. आणि शेवटी हुकमाचा एक्का : “पन्हाळ्याच्या पायथ्याला राहून ही असली भुतं मारता? महाराजांनी काय म्हटलं असतं?”

महाराजांनी काय म्हटले असते ते मला ठाऊक नाही, मास्तरांनाही नसावे. पण पन्हाळ्याचे नाव त्यांनी काढलेच आहे तर बोलू या. पन्हाळा इथून वीस किलोमीटर. 2025 च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत गेला, तेव्हा मास्तरांनी मला त्याचे सतरा फोटो पाठवले. गडावर अलीकडे कधी गेलात विचारले, तर म्हणाले, “गुडघे.” गेले असते तर सज्जाकोठीवरून दऱ्या बघून झाल्यावर अंबरखान्यापाशी थांबता आले असते. गंगा, यमुना, सरस्वती अशा धान्याच्या तीन कोठ्या. हत्तीच्या गोठ्यासारख्या जाड भिंती. तिकडे अंधारबाव, आत पाणी आणि वर पहाऱ्याची माणसे राहतील अशी बांधलेली. तटावरची तोफ ही नंतरची गोष्ट. आधी दाणा आणि पाणी. 1660 साली सिद्दी जौहर खाली तळ देऊन बसला, राजापूरच्या वखारीतले इंग्रजसुद्धा त्याच्या बाजूने तोफा घेऊन आले, ऐन पावसातही वेढा उठला नाही. तरी गड महिनोन्‌महिने तगला, तो काय नुसत्या घोषणांवर?

माझ्या खेळातही नेमके हेच आहे. सुरुवातीला हातात 50 सूर्य मिळतात. वाटाण्याच्या झाडाची किंमत 100, सूर्यफुलाची 50. वरून ऊन पडते ते 25-25 ने. उतावळा माणूस 100 जमेपर्यंत थांबतो आणि पहिली तोफ लावतो. शहाणा आधी सूर्यफूल लावतो, मग दुसरे, मग तिसरे, कारण पुढचे ऊन तीच देणार असतात. मी छत्तीस वर्षे बँकेत लोकांना आधी ठेव, मग खर्च हेच सांगत आलो. ऐकले कोणी नाही. इथे न ऐकणाऱ्याचा मेंदू पाच मिनिटांत जातो, एवढाच फरक.

आणि अक्रोड! जिथे वाट अरुंद तिथे थोडक्या माणसांनी उभे राहायचे आणि मागच्यांना वेळ मिळवून द्यायचा, हे घोडखिंडीत बाजीप्रभूंनी केले. तुलना करण्याची माझी हिंमत नाही. पण तिसऱ्या ओळीत कुरतडला जाणारा अक्रोड पाहताना ‘मागच्यांना वेळ मिळवून देणे’ म्हणजे काय, हे मला चाळिसाव्या पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त कळले.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. याच खेळाचा दुसरा भाग 2013 साली फुकट म्हणून आला आणि आत गेल्यावर अमुक झाड हवे तर पैसे टाका, असे सुरू झाले. ती दुकानदारी. तिच्या बाजूने मी अक्षर बोलणार नाही. माझे भांडण पहिल्या भागापुरते आहे.

आता वेळेचा अपव्यय. हे वाक्य मी ऐकूनच घेतो, कारण ते मी स्वतः एकदा उच्चारले आहे. आमचे अण्णा निवृत्त झाल्यावर रोज दुपारी पत्त्यांचा पेशन्स लावून बसायचे. एकटेच. कॉटवर पंचा अंथरून. मी तेव्हा तिशीत, बँकेत नुकतीच बढती मिळालेली, त्यामुळे उपदेशाचा अधिकार आपोआप आलेला. म्हणालो, “अण्णा, काहीतरी उपयोगाचं करा की.” ते रागावले नाहीत. डाव अर्धा होता, तो गोळा केला, कॅट डब्यात घातला. दुसऱ्या दिवसापासून दुपारी ते खिडकीत बसू लागले. रस्त्याकडे बघत. त्यात काय उपयोग होता, हे मी कधी विचारले नाही.

मास्तरांना हे सांगितले नाही. त्यांना एवढेच म्हणालो, की तुम्ही दिवसभर फॉरवर्ड करता ते सुविचार वाचायला गल्लीतल्या तीस माणसांचा जो वेळ जातो, तो धरला तर मी फार काटकसरी माणूस आहे. ते न बोलता उठले. चहा मात्र संपवून.

दार लावून मी परत बसलो. तोवर मोठी लाट आलेली, झेंडावाले मढे पुढे, मागे बादल्या घातलेली पलटण. दोन ओळी पडण्याच्या बेतात. आमच्या हिचा या खेळाला पहिल्यापासून विरोध. नाव काढले तरी कपाळाला आठी. भाजी निवडत ती मागे कधी येऊन उभी राहिली, कळले नाही.

“अहो,” ती म्हणाली, “खालच्या ओळीत अक्रोड नाहीये तुमचा. आणि ते सूर्य उचला की आधी, वाया चाललेत!”